मिठाच्या डब्याभोवतीची रेघ

टेलरमास्तरांना थापा मारायची सवय नव्हती, म्हणून मारलेली एकच थाप त्यांच्या अंगाशी आली. समुद्राजवळच्या त्या सुट्टीच्या घराची देखभाल करणारी बाई किल्ली देताना म्हणाली, "यंदा वहिनी नाहीत वाटतं?" आणि मास्तर बोलून गेले, "येतेय ना, मागून."

बायको जाऊन सात महिने झाले होते.

बावीस वर्षं ती दोघं हेच घर आठवडाभर भाड्यानं घेत. एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला टेकाड उतरलं की समुद्र. भांडीकुंडी घरातली, रांधायचं मात्र ज्याचं त्यानं. म्हणजे मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि बायको ओट्याशी उभी. "सुट्टी तुमची," ती हसून म्हणायची, "माझी नुसती शेगडी बदलते." मास्तर दर वर्षी छातीठोकपणे सांगायचे, "पुढच्या वर्षी मी रांधीन, तू खुशाल समुद्रावर जा." आता ते दिलेला शब्द पाळायला एकटेच आले होते. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय.

पहिल्या दुपारी भात खाली लागला आणि बटाट्याचा रस्सा इतका खारट झाला की तोंडात धरवेना. मिठाचा डबा शेगडीच्या उजवीकडे ठेवून मास्तर जरा आडवे झाले. उठून पाहतात तर डबा डावीकडे. बायको डावखुरी होती.

वय झालं, विसरलो असेन, असं म्हणत त्यांनी डबा परत उजवीकडे ठेवला आणि खिशातला खडू काढून बुडाभोवती रेघ मारली. माणूस एक वेळ माप चुकीचं सांगेल, खडूची रेघ खोटं बोलत नाही, हा त्यांचा धंद्यातला विश्वास. सकाळी रेघ जागच्या जागी होती आणि तिच्या आत काही नव्हतं. डबा डावीकडे होता. करपलेलं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. "अगं," त्यांनी हाक मारली. आयुष्यभर तिला दुसऱ्या कुठल्या नावानं त्यांनी हाक मारली नव्हती. उत्तर आलं नाही. चहाचं आधण ठेवून ते अंगणात गेले, तेव्हा मात्र आतून डाव पातेल्याच्या काठावर दोनदा आपटल्याचा आवाज आला. ती दोनदाच आपटायची.

पुढचे तीन दिवस मास्तर सुखात होते. भाजी मुद्दाम मोठ्या गॅसवर टाकायची, अंगणात जाऊन बसायचं आणि कान लावायचा. आत कोणीतरी गॅस बारीक करत असे. बावीस वर्षं चाललं होतं तेच पुन्हा चालू झालं, आणि एवढ्या हुशार माणसाच्या ते लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते वहीमुळे. जाताना पाहुण्यांनी दोन ओळी लिहायची एक वही तिथे होती. बायको लिहायची, तेव्हा मास्तर गाडीत बसून हॉर्न वाजवत असायचे. वही त्यांनी कधी उघडलीच नव्हती. आता वेळ जात नव्हता म्हणून उघडली. 'स्वयंपाकघराची खिडकी घट्ट बसते, तेल घाला,' असं बायकोचं अक्षर होतं. पुढच्या वर्षी, 'खिडकी उघडते. समुद्र ऐकू येतो. जायचं राहिलं.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'याही वेळी राहिलं.' मग पानामागून पान तेच. गेल्या वर्षी, 'ओट्याशी टाचा उंच केल्या की पाण्याचा एवढासा तुकडा दिसतो. बरं वाटतं.'

मास्तरांनी वही मिटली. मेल्यावरही मी हिला ओट्याशीच उभी केली, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. सोडली तर ती जाणार आणि गेली की कायमची जाणार, हेही त्यांना स्वच्छ कळत होतं.

निघायच्या दिवशी सकाळीच त्यांनी स्वयंपाकाला हात घातला. भाताचं पाणी टेप लावून मोजलं. गॅस बारीक ठेवला आणि शेगडीपासून पाऊलभर हलले नाहीत. मीठ चिमटीनं टाकलं, चाखलं, मग आणखी अर्धी चिमूट. डबा उजवीकडे, खडूच्या रेघेत बसवला. मागचं दार सताड उघडलं.

"झालं सगळं," ते ओट्याकडे पाहून म्हणाले. "तुझं काही राहिलं नाही आता. जा तू."

खुंटीवरचा पंचा हलला. मग मागचं दार आपल्या आपण थोडं लोटलं गेलं, पुन्हा उघडलं. बाहेर वारा नव्हता.

मास्तर जेवले. भात मऊ झाला होता. जेवताना त्यांचा डोळा डब्यावर होता. हलावा, निदान इंचभर तरी, असं त्यांना फार वाटत होतं. डबा हलला नाही.

दुपारी किल्ली घ्यायला ती बाई आली. "वहिनी आल्याच नाहीत का शेवटी?"

"आली होती. समुद्रावर गेलीय."

"मग थांबा की. येऊ देत त्यांना."

"नको," मास्तर म्हणाले. "पहिल्यांदाच गेलीय."

ते गाडीत बसले. सवयीनं हात हॉर्नवर गेला. तो त्यांनी तसाच उचलून घेतला आणि आवाज न करता गाडी फाटकाबाहेर काढली.