पुलापलीकडच्यांचा नंबर

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. हो, तीच ती, गोल फिरणारी. माझ्या लाकडी आणि वेताच्या बहिणी पुष्कळ आहेत, पण त्यांना एका जागी गप्प उभं राहायची सवय. मी पडले फिरती. त्यामुळे आरसा, दार, दाराबाहेरचा रस्ता असं सगळं मला दिसतं आणि दिसलेलं सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. सगळं आयुष्य न्हाव्याच्या दुकानात गेलं, तिथे तोंड मिटून कोण बसतं?

माझा जन्म नदीच्या पलीकडच्या काठावरच्या कारखान्यात झाला. लोखंडाचा जड पाय, उंची कमीजास्त करायचा दांडा, डोकं टेकायला उशी आणि वर लालभडक चामडं. ते चामडं ज्या बाईनं शिवलं तिनं शेवटचा टाका दातानं तोडला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “जा बाई, चांगल्या घरी पड.”

पडले ती थेट शहराच्या मोठ्या रस्त्यावर. मालक उंच, मिशा पिळदार आणि स्वभाव असा की कात्री थांबेल पण जीभ थांबणार नाही. हात मात्र सोन्यासारखा. त्यांच्या दुकानात शहरातली सगळी बडी मंडळी यायची, आणि आल्याबरोबर सगळी सारखी व्हायची, कारण तिथे एक नियम होता. भिंतीला लागून एक लांब बाक होता. जो आधी येईल तो आधी बसणार, आणि पुढचा उठला की सगळे एकेक जागा सरकणार. मोठेपणा दाराबाहेर ठेवून यायचा. एकदा खुद्द पोलीसप्रमुख घाईघाईनं आले आणि सरळ माझ्याकडे निघाले. मालक वस्तरा पुसत म्हणाले, “साहेब, बाकाच्या टोकाला. तुमच्या पुढे भाजीवाला आहे.” साहेब मुकाट बसले. ही गोष्ट मालक येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. “नंबर मोडला की दुकान मोडलं,” हे त्यांच्या वडिलांचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं.

आता पुलापलीकडच्या लोकांविषयी सांगते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. ते संख्येनं थोडे होते. त्यांची भाषा वेगळी, गाणी वेगळी, केस दाट आणि कुरळे. शहराच्या बस तेच धुवायचे, रस्ते तेच बांधायचे. आमच्या दुकानातले टॉवेलसुद्धा त्यांच्याकडे धुवायला जायचे. पण सलूनमध्ये, खानावळीत, बागेतल्या बाकावर त्यांनी बसायचं नाही, अशी सगळ्यांची मुकाट समजूत होती. कायद्यात ‘बसू नका’ असं लिहिलेलं नव्हतं, पण ‘बसा’ असंही लिहिलेलं नव्हतं. त्या मधल्या फटीत सगळं शहर पाय पसरून आरामात बसलं होतं. विचारलंच कोणी, तर शहरातल्या न्हाव्यांचं उत्तर तयार असे, “त्यांचे केस आम्हाला जमत नाहीत हो.”

आमचे टॉवेल धुणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणत. ठेंगणी, कमरेवर हात ठेवून बोलणारी आणि कुणाच्या बापाला न भिणारी बाई. तिचा भाचा बसडेपोत गाड्या धुवायचा. चालता-बोलता त्याचे हात हवेत चाक फिरवत असायचे, म्हणून त्याचं नावच पडलं होतं स्टेअरिंग. त्याला बस चालवायची होती. पुलापलीकडचा एकही माणूस तोवर चालक झाला नव्हता. पठ्ठ्यानं परीक्षा दिली आणि पहिला आला. आता नाही कसं म्हणणार? डेपोच्या साहेबांनी नियम काढला. चालकाची टोपी डोक्यावर नीट बसली पाहिजे आणि केस कानांवर येता कामा नयेत. “महिनाअखेरपर्यंत चांगल्या सलूनमधून केस कापून ये. नाहीतर ती जागा दुसऱ्याला.”

केस कापल्याशिवाय नोकरी नाही, आणि शहरातलं एकही सलून केस कापणार नाही. इकडे आड तिकडे विहीर. आत्यानं घरीच शिवणकामाच्या कात्रीनं प्रयत्न केला. एका बाजूला झुडूप, दुसऱ्या बाजूला माळरान. साहेबांनी एक नजर टाकली आणि त्याला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी दार उघडलं तर पायरीवर आत्या आणि स्टेअरिंग. दोघं आत आले आणि बाकावर बसले, अगदी पहिल्या जागेवर. मालकांना वाटलं, टॉवेल आणलेत.

“टॉवेल ठेवा तिकडे.”

“टॉवेल नाहीत. केस आणलेत,” आत्या म्हणाली आणि भाच्याच्या डोक्याकडे बोट दाखवलं. “पहिला नंबर आमचा आहे.”

मालक गडबडले. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले, “आत्या, तुम्ही समजूतदार आहात. तुमच्याशी माझं काही वैर नाही. पण तुमच्या लोकांचे केस आम्हाला जमत नाहीत.”

“मग शिका,” आत्या म्हणाली. “आम्ही थांबतो.”

आणि ते खरंच थांबले! इतक्यात किराणावाले काका आले. ते आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. गालावर खुंट वाढलेले, संध्याकाळी कुठे तरी समारंभाला जायचं होतं. ते माझ्यावर बसायला निघाले आणि मालकांचा हात नकळत आडवा आला. “काका, जरा थांबा. तुमच्या आधी...” वाक्य अर्ध्यातच अडकलं. बाकावरच्या माणसाचे केस कापायचे नाहीत, आणि त्याला ओलांडून पुढच्याला घ्यायचं तर नंबर मोडतो. पोलीसप्रमुखाला जिथे थांबवलं तिथे किराणावाल्याला पुढे कसं घेणार? मालकांनी वस्तरा परजला, खाली ठेवला, पुन्हा परजला. शेवटी हाताची घडी घालून ते आरशासमोर उभे राहिले. त्या दिवशी माझ्यावर कोणीही बसलं नाही.

आत्याला हे सगळं आधीच ठाऊक होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मालकांनी नंबराची फुशारकी तिच्यासमोरही कितीदा तरी मारली होती! त्यांच्याच नियमात तिनं त्यांना अडकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळा बाक भरला. स्टेअरिंग, त्याच्या शेजारी गवंडीकाका, मग कारखान्यातली दोन माणसं आणि टोकाला एक म्हातारे आजोबा. त्यांच्या डोक्यावर केस असे नव्हतेच. मालकांनी विचारलं, “तुम्ही कशाला आलात?” आजोबा म्हणाले, “दाढीला. आणि जन्मात एकदा त्या मऊ खुर्चीत बसायला.” खरं सांगते, मला तेव्हा फार लाज वाटली. एवढी मऊ असून माझा उपयोग काय होता?

बघता बघता शहरातल्या प्रत्येक सलूनमध्ये पुलापलीकडची माणसं जाऊन बसली, आणि आमच्या मालकांचं पाहून नंबर मोडायला एकही न्हावी धजेना. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी काच फोडली नाही. सकाळी यायचं, बसायचं, संध्याकाळी “उद्या येतो” म्हणून जायचं. आणि शहर वाढायला लागलं! म्हणजे शहराचे केस. वकिलांची झुलपं कोटाच्या कॉलरवर लोळू लागली. नगराध्यक्षांच्या भुवया आणि केस यांची गाठ पडायची वेळ आली. किराणावाल्या काकांची दाढी पाहून त्यांचा नातू त्यांना ओळखेना. शाळेतल्या एक बाई मात्र एका दिवशी आपल्या नवऱ्याला घेऊन आल्या, त्याला बाकाच्या अगदी टोकाला बसवलं आणि म्हणाल्या, “ह्यांचा नंबर येईल तेव्हा येईल. पण ह्या सगळ्यांनंतर.” त्यांच्यासारखे मग आणखीही काही जण येऊ लागले.

सगळ्यांनाच हे पचलं नाही. एका दुपारी चार-पाच धटिंगण दुकानात शिरले. एकानं दाढीच्या साबणाचं पाणी स्टेअरिंगच्या डोक्यावर ओतलं. दुसऱ्यानं वस्तरा उचलला आणि माझं चामडं पाठीपासून बैठकीपर्यंत फाडलं. “घ्या, बसा आता!” तो ओरडला. मला दुखलं की नाही कोण जाणे, पण भीती मात्र वाटली. स्टेअरिंगच्या डोळ्यांत साबण गेला होता. त्याच्या मुठी वळल्या. आत्यानं फक्त त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं श्वास घेतला, शेजारचा टॉवेल उचलून तोंड पुसलं आणि पुन्हा ताठ बसला. मग एका धटिंगणानं त्याची कॉलर धरून त्याला उठवायला सुरुवात केली.

“हात काढ!”

मालकांचा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. ते मध्ये येऊन उभे राहिले होते आणि मिशा थरथरत होत्या. “माझ्या दुकानात त्याचा नंबर आहे. नंबर असलेल्या माणसाला बाकावरून उठवायचं नाही.”

आत्या हळूच उभी राहिली. “ऐकलंत सगळ्यांनी? त्याचा नंबर आहे, असं मालक स्वतः म्हणालेत.” शब्द तोंडातून सुटला होता. धटिंगण गेले, पण जाताना दारातल्या गर्दीनं त्यांना सुखासुखी वाट दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पूल माणसांनी भरून गेला. आत्या पुढे आणि मागे कारखान्यातले कामगार, गवंडी, शिंपिणी, शाळेतल्या बाई, त्यांचा झुलपांवाला नवरा. सगळे नगरपालिकेसमोर जाऊन उभे राहिले. मी तिथे नव्हते. माझा पाय जमिनीला पक्का ठोकलेला. पण सलूनमध्ये बातमी रस्त्याच्या आधी पोचते. आतमध्ये सभासद कपाळावरच्या बटा मागे सारत बोलत होते म्हणे. काहींना खरोखरच अन्याय कळला होता, काहींना फक्त मानेवर खाज सुटत होती. मतं मोजली गेली आणि ठराव झाला, की ह्या शहरात दुकान, खानावळ, बाग, बस, जे सगळ्यांसाठी उघडं आहे ते सगळ्यांसाठी उघडं राहील. भाषा, वंश, रंग किंवा केस पाहून कोणाला नाही म्हणता येणार नाही. संध्याकाळी पुलावरून गाण्याचा आवाज आमच्या दुकानापर्यंत आला. मालक दारात उभे राहून ऐकत होते. भाषा कळत नव्हती, तरी आत गेले नाहीत.

उजाडला तो महिन्याचा शेवटचा दिवस. डेपोचं कार्यालय दुपारपर्यंतच उघडं असायचं. मालकांनी माझ्या फाटक्या चामड्यावर स्वच्छ टॉवेल अंथरला, पांढरी चादर झटकली आणि विचारलं, “नंबर कोणाचा?”

स्टेअरिंग उठला आणि माझ्यावर बसला. त्यानं माझ्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. मी त्याला जमेल तेवढं सांभाळून धरलं.

मालकांनी रुबाबात कंगवा घातला आणि कडकन दोन दाते मोडले. बाकावर खसखस पिकली. दुसरा कंगवा घातला, तोही अडकला. घाम फुटला बिचाऱ्यांना! “खरंच जमत नाही हो,” ते म्हणाले, आणि ह्या वेळी ते खरं होतं.

“मुळापासून ओढताय, म्हणून,” आत्या म्हणाली. “आधी ओले करा. टोकापासून सुरुवात करा आणि हळूहळू वर या. डोकं आहे ते, चटई नाही!”

मालकांनी केस ओले केले. टोकाकडून एकेक बट सोडवली. कात्री आधी चाचरत, मग सावरत, मग नेहमीच्या तालात बोलायला लागली. शेवटी त्यांनी मानेवरचे बारीक केस झटकले आणि मला आरशाकडे फिरवलं. स्टेअरिंगनं खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली. टोपी अशी बसली की जणू त्याच्यासाठीच शिवली होती. आत्यानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळे पुसले. मालक म्हणाले, “पळ आता! डेपो बंद होईल.” आणि तो असा सुटला की चादर गळ्यातच राहिली. मालकांनाच मागे धावावं लागलं.

मग माझ्यावर कोण बसलं माहीत आहे? आजोबा. मालकांनी त्यांना अगदी सावकाश, गरम टॉवेल लावून दाढी करून दिली. ते डोळे मिटून होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं सुख मी आजवर कुठल्या नगराध्यक्षाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

काही दिवसांनी रस्त्याच्या वळणावर जोराचा हॉर्न वाजला. मालक अर्धी दाढी झालेल्या किराणावाल्या काकांना सोडून दारात धावले, फेस गालावर तसाच घेऊन काकाही धावले. बस आमच्या दारासमोर थांबली. चाकामागे, डोक्यावर नीट बसलेली टोपी घालून, स्टेअरिंग! मागे पहिल्याच आसनावर आत्या राणीसारखी बसली होती. “चला, कोणाला यायचंय पुलापलीकडे?” तो ओरडला. काका तसेच चढले. अर्ध्या दाढीनिशी!

त्यानंतर किती डोकी माझ्या उशीला टेकली, सांगता यायचं नाही. कुरळी, सरळ, पांढरी, टकली. मालक म्हातारे झाले, दुकान त्यांच्या मुलीनं चालवलं, मग गुळगुळीत नव्या खुर्च्या आल्या आणि मी कोठीत धूळ खात पडले. पुढे शहरानं वस्तुसंग्रहालय बांधलं तेव्हा मला शोधून काढलं, पुसलं, फाटलेलं चामडं शिवलं, दिव्याखाली ठेवलं. पण माझ्याभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: ‘कृपया बसू नये’.

परवा शाळेची सहल आली होती. बाईंनी माझी सगळी गोष्ट सांगितली. एक कुरळ्या केसांची मुलगी पाटी वाचून म्हणाली, “बाई, पण हिच्यावर बसायला मिळावं म्हणूनच तर ते सगळे भांडले ना?” बाईंनी संग्रहालयाच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पाटीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं दोरी सोडली, आणि ती मुलगी माझ्यावर बसून पाय हलवायला लागली.

तेव्हापासून रोज कोणी ना कोणी बसतं. माझी शिवण पुन्हा उसवतेय, दांडा कुरकुरतोय आणि साहेब दर आठवड्याला चामड्याकडे बघून उसासे टाकतात. टाकू देत! मुलांनो, तुम्हीही या. पण इथून बाहेर पडल्यावर जिथे एखादी जागा रिकामी असूनही कोणी माणूस उभा दिसेल, तिथे एवढंच विचारा, “तुम्हाला बसायला कोणी नाही म्हणालं?” उत्तर ऐकल्यावर गप्प बसू नका. आत्या नाही बसली.