हळदीचे सात दंड

लोधिवलीत आवडीच्या सुईखालून न गेलेली सून शोधून सापडली नसती. कुणाच्या कपाळावर चांदणी, कुणाच्या मनगटावर तुळस. चौक गावच्या बाजारापर्यंत बाया म्हणत, आवडीच्या हाताला गुण हाय, तिनं गोंदलेलं कधी पिकत नाय. गुण कशात आहे ते आवडीला पक्कं ठाऊक होतं. सुई थांबली की ती ओली हळद खोबरेलात खलायची आणि जखमेवर चांगली दाबून चोळायची. हे तिला सासूनं शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं.

लढाई संपली होती, तरी घासलेट अजून रेशनवरच होतं, त्या सालची गोष्ट. फाल्गुन लागला, पळस फुलला, आणि पळसामागून जी बातमी येते ती आली. खालापुराकडं दोन घरांत देवी आल्या होत्या.

आवडीचा नातू नामा तेव्हा सात महिन्यांचा. त्याला मांडीवर घेतलं की तिला तिचं पहिलं लेकरू आठवायचं. ते असंच पळसाच्या दिवसांत देवींनी नेलं होतं. दंडावर एक टिकली गोंदून घेण्याइतकंही वय त्याला मिळालं नव्हतं.

बातमीमागून चार दिवसांनी देवी काढणारा हसनभाई सायकल हातात धरून आला. सायकलीला मडकं बांधलेलं, मडक्यात ओलं फडकं, फडक्यात लसीच्या काचेच्या नळ्या.

"हा रोग माणसाच्या श्वासावर बसून येतो, मावशी," तो आवडीला म्हणाला. "दार लावून अडत नाय. पोराच्या दंडातच पहारा बसवायला लागतो."

बाया पोरं पदराखाली घेऊन लांब उभ्या होत्या. आवडीनं हसनच्या हातातलं हत्यार निरखलं. टोकाला सुया होत्या.

"ही तं माझ्याच जातीची सुई," ती म्हणाली आणि नामाला मांडीवर घेऊन पहिली बसली. हसननं दंडावर चार थेंब ठेवले, थेंबांवर सुई फिरवली, आणि आवडीनं गोंदताना म्हणायची तीच ओवी धरली:

सोनं नेईल चोरटा, रुपं नेईल सोनार
दंडावरलं गोंदण, सांगा बाई कोण नेणार

नामा रडायचं विसरून तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग बाया पुढं सरकल्या. आवडीच्या मांडीवर नामा धरून एकामागून एक सात पोरं बसली. आठवा सोनाबाईचा चांगो. सोनाबाईनं त्याला आपल्याच मांडीवर घेतलं. तिच्या हातावर आवडीनं काढलेला मोर बदकासारखा दिसतो, यावरून दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं.

"वाळू द्या. पुसू नका, धुऊ नका," असं बजावून हसन पुढच्या वाडीला गेला.

सात दंड उघडे, लालबुंद. आवडीला राहवेना. पुसू नका म्हणाला, चोळू नका कुठं म्हणाला? तिनं हळद खलली आणि सातही दंडांना मायेनं चोळली.

आठव्या दिवशी हसन परत आला तो आळीच्या तोंडाशीच थांबला. नाक वर करून त्यानं वास घेतला.

"लसणीची फोडणी? कुणाच्या घरात?"

"समद्यांच्याच," आवडीची सून इंदू म्हणाली. "जेवणाची येळ हाय."

हसनचा चेहरा उतरला. "लस लागली की फोड येतात. फोड आले की तुमी देवी घरात हाय म्हणून फोडणी बंद करता. मी दंड बघायच्या आधी वासानंच वळखतो."

त्यानं तरी एकेक दंड पाहिला. सातही कोरे. फक्त सोनाबाईच्या घरात बिनफोडणीचं पिवळं वरण होतं, आणि चांगोच्या दंडावर मोत्यासारखे चार टपोरे फोड.

"लस उन्हानं मेली म्हणावं, तं हा कसा?" हसन पुटपुटला. "नळ्या हायेत माझ्याजवळ. आताच परत काढू."

बाया मागं सरल्या. "सात घरांना देवीनं नको म्हटलं," एक म्हातारी बोलली. "पुन्हा डिवचलं तं कोपंल."

इंदूनंही नामावर पदर ओढला.

आवडीची नजर नामाच्या झबल्यावर गेली. बाही अजून पिवळी होती. सातही पोरांच्या बाह्या पिवळ्या. चांगोची पांढरी.

लगीनसराई तोंडावर आलेली. आता बोललं तर तिच्या पुढ्यात गोंदणाला हात धरायला कोण येईल? न बोललं तर पदराखाली नामा होता, आणि खालापूर काही फार लांब नव्हतं.

"देवीनं नको म्हटलं नाय," आवडी म्हणाली. "लस चांगली व्हती. मी हळद चोळून मारली."

बायांना ते खरं वाटेना. आवडीच्या हळदीनं कधी कुणाचं वाईट झालं होतं? म्हातारी म्हणाली, "आवडे, देवीचा नकार झाकायला दोष आपल्यावर घेतेस व्हय?"

तेवढ्यात सोनाबाई दारातून बोलली, "मोराचं बदक केलंन, आता लशीचं पाणी केलंन."

"व्हय गं," आवडी म्हणाली. "ते बदकच हाय."

वर्षभर तो मोरच म्हणून भांडलेली आवडी असं म्हणाली, तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं. आवडी ते कबूल करते म्हणजे हळदीचंही खरंच असणार, असं बायांच्या मनानं घेतलं. इंदूनं पदर सोडला.

"आत्याबाई, मग हळद?"

"फडताळात ठेव. आन् नामाला तूच धर." आवडीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. हसनची सुई फिरली. आवडीनं नवीच ओवी गायली:

दंडाच्या दारी गं टिकल्या चार बसल्या
वाऱ्यासंगं आल्या बाई, उंबऱ्याशी थबकल्या

सहाव्या दिवशी नामा तापला, किरकिरला. आवडी त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत राहिली. तिला दर तासाला हळद आठवत होती. दर वेळी ती हात पाठीमागं बांधायची.

आठव्या दिवशी हसन आळीच्या तोंडाशी थांबला. सात घरांच्या चुली पेटलेल्या, पण कुठं लसूण नाही, मोहरीची तडतड नाही. फोडणीचा वास एकट्या सोनाबाईच्या घरातून येत होता. चांगोच्या फोडांवर खपल्या धरल्या होत्या. हसननं सायकल भिंतीला लावली आणि दंड बघायच्या आधीच आवडीकडं पाहून मान डोलावली.

संध्याकाळी सोनाबाई ओटीवर येऊन बसली आणि तिनं हात पुढं केला.

"शेपूट जरा लांब कर. मोर दिसू दे."

आवडीनं सुया पुसल्या. "वर हळद लावू का?"

"लाव की. मला काय देवी काढल्यात?"