बुधवारची कोरी पानं

मुलांनो, एक वही डोळ्यांसमोर आणा. गणिताची. सोमवारचं पान भरलेलं, मंगळवारचंही भरलेलं. मग एक पान कोरं. वर कोपऱ्यात फक्त तारीख, नीट आखलेल्या चौकटीत. पुढची पानं पुन्हा भरलेली आणि मग पुन्हा एक कोरं. अशी सहा कोरी पानं. ही वही कोणाची, ते सांगतो.

एका शाळेत एक बाई शिकवत. त्यांच्या नोकरीचा नियम असा, की दर काही वर्षांनी शिक्षकानेही विद्यार्थी होऊन बाकावर बसायचं. यंदा दहा बुधवार प्रशिक्षण होतं. एक जरी चुकला, तरी शिकवण्याचा परवाना पुढे चालू राहणार नव्हता. बाईंची त्याला ना नव्हती. शिकायला त्यांना मनापासून आवडे. अडचण घरात होती. सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. एरवी शेजारच्या काकू सोबतीला येत, पण बुधवारी त्यांना जमत नसे. नवरा छापखान्यात जाई. थोरल्या मुलाला बुधवारी कॉलेज नसे. तो घरीच लोळत असे. पण त्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

"खारूताई राहील की. एकच तर दिवस," बाबा म्हणाले.

खारूताई म्हणजे धाकटी, दहा वर्षांची. सदा पळत असायची, म्हणून हे नाव. आणि मला जड मनाने सांगावं लागतंय, तेव्हा आईही गप्प बसली. एवढंच नव्हे, मुलीच्या शाळेला चिठ्ठी तिनेच लिहिली: 'मुलीला ताप आहे.' सहा बुधवार, सहा चिठ्ठ्या, सहा ताप.

सातव्या बुधवारसाठी प्रशिक्षणात गृहपाठ मिळाला. वर्गातल्या वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या पालकांना भेटायचं आणि कारण लिहून आणायचं. मंगळवारी शाळा सुटल्यावर बाई अशा एका मुलीच्या आईकडे, भाजीवालीकडे गेल्या.

"अहो, धाकट्याला सांभाळायला मुलीला घरी बसवता? तिच्या शिक्षणाचं काय?"

भाजीवालीचे हात जुड्या बांधत होते. "चुकतंच बाई, खरंय. पण करू काय?" मग तिने सहज विचारलं, "बुधवारी तुम्ही शिकायला जाता ना, पोर सांगत होती. सासूबाई पडल्यात म्हणे. मग त्यांच्याजवळ कोण असतं हो?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो प्रश्न जिव्हारी लागला.

घरी येऊन बाईंनी प्रथम मुलीचं दप्तर उघडलं, गणिताची वही चाळली. "हे काय गं?"

"बुधवारची पानं. मैत्रिणीकडून उतरवून घेणार होते." खारूताई नखाने चौकट कोरत राहिली. "पण आई, नुसतं उतरवून अपूर्णांक कळत नाहीत गं."

बाबा घरी आले, तशा बाई म्हणाल्या, "उद्या ही शाळेत जाणार."

"आणि तुझं प्रशिक्षण?"

"मीही जाणार."

"मग आईला कोण बघणार?"

"दादा आहे की."

"मी?" दादा ताडकन उठून बसला. "मला काय येतंय त्यातलं? आजीला बसतं करा, औषध द्या... ही काय माझी कामं आहेत?"

"सगळं उरकून जाईन मी. तू औषध द्यायचं, पाणी द्यायचं. दहा वर्षांची पोर शिकली, तू अठराचा आहेस."

"लोक काय म्हणतील?" बाबा पुटपुटले.

आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला. "का रे, त्याच्या हातचं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही का? वरच अडकून बसेल?"

कोणी हसलं नाही. जेवणाची ताटं उचलल्यावर बाईंनी गृहपाठ लिहिला. भाजीवालीच्या मुलीच्या नावाखाली स्वतःच्या मुलीचं नाव घातलं. मग शाळेला सातवी चिठ्ठी लिहिली: 'आधीच्या सहाही चिठ्ठ्या खोट्या होत्या. मुलीला ताप नव्हता. आजीच्या सोबतीसाठी मी तिला घरी ठेवून घेतलं होतं.' दुसऱ्यांच्या पोरांच्या किती खोट्या चिठ्ठ्या त्यांनी आजवर पकडल्या होत्या!

बुधवार उजाडला. बाबा छापखान्यात गेले. बाई प्रशिक्षणाला गेल्या. खारूताई दप्तर पाठीला लावून दारात चपला घालत होती. एक पाय चपलेत गेला, तोच आतून खळ्ळकन आवाज झाला. पेला पडला होता.

"अगं खारू!" आजीच्या तोंडून सवयीने तिचंच नाव निघालं. पाठोपाठ दादा ओरडला, "पाणी सांडलं सगळं! ए, आता काय करू?"

खारूताई थबकली. हात दप्तराच्या पट्ट्यावर गेला, खांद्यावरून पट्टा अर्धा खाली आलासुद्धा. कोपऱ्यावर मुली तिची वाट पाहत उभ्या होत्या.

मग तिने पट्टा पुन्हा वर ओढला, दुसरा पाय चपलेत घातला आणि दारातूनच ओरडली,

"दादा, फडकं दाराच्या मागे आहे!"

आणि ती पळत सुटली.