पळालेलं तळं

सूर्यकांत पाटणकर दुबईला लेकीकडे आले त्याला सहा आठवडे झाले होते आणि आता बघायला काही उरलं नव्हतं. मॉल झाले, समुद्र झाला, उंच इमारतीच्या टोकावर जाऊन फोटो झाले. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कालव्यांच्या आणि पाझर तलावांच्या मोजण्या करत उन्हातान्हात हिंडलेला हा माणूस सिलिकॉन ओएसिसमधल्या चौदाव्या मजल्यावर दुपारचा एसी लावून झोपायला लागला. त्यांचं त्यांनाच ते लाजिरवाणं वाटत होतं.

"बाबा, शनिवारी कॅम्पिंगला जाऊ या," मुग्धा एके दिवशी ऑफिसमधून आल्या आल्या म्हणाली. "वाळवंटात एक तळं झालंय, मागच्या पावसाचं. आमच्या टीममधल्या एकानं महिन्यापूर्वी फोटो काढलेत. हे बघा."

फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. पिवळ्याधमक टेकड्या आणि त्यांच्या कुशीत निळंशार, लांबुळकं पाणी. लोळत पडलेले सूर्यकांत उठून बसले.

"पाणलोट कुठला याचा?"

"म्हणजे?"

"अगं, पाणी येतं कुठून?"

मुग्धाला ते माहीत नव्हतं. सूर्यकांतांनी चष्मा पुसला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तो फोन काही तिला परत मिळाला नाही.

जावई निनाद हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यात होता. त्याची शनिवारी शिफ्ट होती. सूर्यकांतांच्या पत्नी साधनाताईंनी "वाळूत झोपायला मी काय उंट आहे?" म्हणून एका वाक्यात विषय संपवला. उरले तिघं: सूर्यकांत, मुग्धा आणि दहा वर्षांची नात मैथिली. वाळवंटात एकट्या गाडीनं जायचं नसतं, म्हणून मुग्धानं खैरुद्दीनला विचारलं. रास अल खोरला त्याचं गॅरेज होतं, तिची गाडी तोच बघायचा. मूळचा आझमगढचा, पण बावीस वर्षं इथलीच वाळू तुडवत होता. दर हिवाळ्यात आपला पिकअप घेऊन कुणा ना कुणाला वाळवंटात फिरवून आणायची त्याला भारी हौस.

शनिवारी दुपारी डांबरी रस्ता संपला तिथं खैरुद्दीननं दोन्ही गाड्यांच्या चाकांतली हवा कमी केली. "अब गाडी वाळू पे तैरेगी, अंकल," तो सूर्यकांतांकडे बघून म्हणाला. मराठी गिऱ्हाइकांमुळे 'वाळू' हा शब्द त्याच्या हिंदीत कायमचा रुतून बसला होता. "यल्ला!"

आणि गाडी खरंच तरंगायला लागली. मुग्धा स्टिअरिंगला चिकटून बसली होती. समोरचा पिकअप टेकडीवर चढायचा, माथ्यावर क्षणभर थांबायचा आणि पलीकडे गडप व्हायचा. मग यांची पाळी. नाक वर, बोनेटपुढे नुसतं आकाश, आणि एकदम खाली घसरण. मैथिली मागून किंचाळत होती, "अगेन! आई, अगेन!" सूर्यकांतांनी वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. तोंडावरचं हसू काही केल्या जात नव्हतं.

पाऊण तासानं खैरुद्दीन थांबला. फोनवरचा निळा ठिपका बरोबर खुणेवर होता.

पण समोर तळं नव्हतं. टेकड्यांच्या मध्ये भलंमोठं सपाट मैदान होतं, आणि ते सगळं भेगाळलेल्या चिखलाचं. पापडासारख्या कडा वर आलेल्या.

"वेअर इज द लेक?" मैथिलीनं विचारलं.

"खलास," खैरुद्दीननं हात झटकले. "सूख गया, अंकल. रेगिस्तान का पानी, क्या भरोसा!"

मुग्धाचा चेहरा पार उतरला. "सॉरी बाबा. इथंच कुठंतरी तंबू लावू या. सूर्यास्त तर दिसेल."

सूर्यकांतांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते खाली बसून चिखलाचा पापडा उचलून त्याची जाडी बघत होते. मग उठून तरातरा टेकडीच्या पायथ्याशी गेले. वाळूवर एक काळपट रेघ होती, थेट त्यांच्या छातीपर्यंत. काड्या, शेळ्यांच्या लेंड्या, प्लास्टिकची झाकणं तिथं ओळीनं चिकटून राहिली होती.

"मुग्धा, फोटो महिन्यापूर्वीचा ना?"

"हो. फार तर पाच आठवडे."

"मग हे सुकलेलं नाही. थंडीच्या दिवसांत महिनाभरात वीतभर पाणी उडेल, चल, दोन वीत धर. तळाला घट्ट चिकणमाती आहे, म्हणजे फारसं मुरणारही नाही. इथं छातीभर पाणी होतं!" ते खैरुद्दीनकडे वळले आणि आपल्या अस्सल सांगली हिंदीत म्हणाले, "पानी सूखा नहीं, भाई. पानी भागा है!"

"भागा? किधर भागा?"

"वही तो धुंडने का है."

सूर्य मावळायला दीड तास होता. सूर्यकांतांनी गाडीतून पाण्याची बाटली आणली, अर्धी पिऊन टाकली, आडवी करून डोळ्यांपुढे धरली. आतलं पाणी सपाट झालं की त्या रेषेवरून पलीकडे बघायचं. तंबूची एक काठी त्यांनी मैथिलीच्या हातात दिली.

"जा, तिकडे उभी राहा. काठी सरळ धर. आजपासून तू माझी खलाशी."

"आजोबा, खलाशी मीन्स सेलर! देअर इज नो वॉटर!"

"आमच्या खात्यात काठी धरणाऱ्यालाही खलाशीच म्हणतात. पळ!"

ती पळाली. पूर्वेकडची कड उंच निघाली. तिकडूनच, लांबच्या डोंगरांतून पाणी आलेलं असणार. उत्तरेची टेकडी तर भिंतच होती. दक्षिणेकडे मात्र दोन टेकड्यांमधली खिंड त्या काळ्या रेघेपेक्षा खाली होती. सूर्यकांत तिकडे निघाले, जवळजवळ धावतच. मुग्धा मागून ओरडत होती, "बाबा, सावकाश! गुडघे!" त्यांना आपले गुडघे आहेत हेच आठवत नव्हतं.

खिंडीत वाळू कापली गेली होती. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उभ्या दरडी, आणि मधून पाण्यानं ओढत नेलेला घट्ट, ओल्या रंगाचा पट्टा. पलीकडे एक घाफचं झाड होतं. सूर्यकांतांनी पानं हातात घेतली आणि मोठ्यानं हसले. "अगं, ही तर आपली शमी!" बुंध्याला गवत-काड्यांचा पुंजका अडकला होता, त्याची सगळी शेपटं दक्षिणेला वळलेली.

"पाणी साठत गेलं, रेघेपर्यंत चढलं, आणि इथं वाळूचा बांध फुटला," ते धापा टाकत म्हणाले. "एका रात्रीत गेलं असणार सगळं. आता त्याला पुढं खोलगट जागा मिळेपर्यंत ते थांबणार नाही."

खैरुद्दीन एवढा वेळ कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानं ती दरड बोटानं कोरून पाहिली, काड्यांचा पुंजका पाहिला आणि एकदम पिकअपकडे धावला. "बैठो अंकल, मेरे साथ बैठो! आप बोलो, मैं चलाता हूँ!"

पाण्याच्या वाटेच्या कडेकडेनं ते निघाले, मागोमाग मुग्धा-मैथिलीची गाडी. सूर्यकांत खिडकीतून अर्धे बाहेर. "लेफ्ट... थांब थांब, आता सीधा." एका ठिकाणी वाट वाळूखाली नाहीशी झाली. वाऱ्यानं ती बुजवली होती. खैरुद्दीननं ब्रेक मारला आणि त्यांच्याकडे पाहिलं. सूर्यकांत खाली उतरले, पुन्हा बाटली डोळ्यांपुढे धरली. चुकलो असलो तर? निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. आपला अंदाज कुणी मानून चालल्याला तर त्याहून जास्त. उजवीकडचा उतार त्यांना जरासा, अगदी बोटभर, जास्त वाटला.

"उधर," ते म्हणाले. "वो टेकडी के पीछे."

टेकडी मोठी होती. पिकअप अर्ध्यावर धापा टाकून थांबला, मागे घसरला, पुन्हा चढला, पुन्हा थांबला. सूर्यकांत उतरले आणि चालतच चढायला लागले. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. मैथिली मागून आली आणि त्यांना ओलांडून चार पायांवर माकडासारखी वर गेली.

माथ्यावर पोचली आणि जागच्या जागी थांबली.

"काय दिसतंय?" सूर्यकांत खालून ओरडले.

ती वळली. दोन्ही हात वर करून नाचायला लागली. "आजोबा! वॉटर! सो मच वॉटर!"

ते शेवटचे दहा हात कसे चढले ते त्यांना कळलंच नाही. खाली, टेकड्यांच्या वाटीत, तळं पसरलं होतं. फोटोतलं निळं नव्हे. कलत्या उन्हात तांब्याच्या परातीसारखं. अर्धी बुडालेली दोन शमीची झाडं. कडेला लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे पक्षी पावलं मोजत चाललेले. कुठं टायरची खूण नाही, राखेचा डाग नाही. मुग्धा धापा टाकत वर आली आणि तिनं बाबांचा दंड घट्ट धरला. तिच्या मागून आलेला खैरुद्दीन "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत खालीच बसला.

"बावीस साल, अंकल," तो म्हणाला. "बावीस साल से आता हूँ. पानी ढूँढनेवाला आदमी पहली बार लाया."

टेकडीला वळसा घालून गाड्या खाली आणल्या तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. तंबू घाईघाईत लागला आणि एका बाजूला कललेलाच राहिला. मुग्धानं शेगडीवर थालीपिठं लावली, खैरुद्दीननं डब्यातला खिमा काढला. मैथिली जेवता जेवता खैरुद्दीनला काठी कशी धरायची ते हिंदी-इंग्रजीत शिकवत होती. नऊच्या आत सगळे आडवे झाले. सूर्यकांतांना वाटलं होतं, आनंदानं झोप लागणार नाही. पाठ टेकताक्षणी लागली.

पहाटे मैथिलीनंच त्यांना हलवून उठवलं. बाहेर गारठा होता, पाण्यावर पातळ धुकं, आणि शेकाट्यांची किरकिर चालू झाली होती. मुग्धा आणि खैरुद्दीन अजून झोपलेले. दोघं कडेपर्यंत गेले. सूर्यकांतांनी पँट गुडघ्यांवर दुमडली आणि काठी घेऊन पाण्यात पाय घातला. बर्फासारखं गार. तळाच्या चिखलानं पावलं मऊ धरून ठेवली.

"किती खोल असेल, सांग," ते म्हणाले.

"आय डोन्ट नो. यू टेल!"

"मलाही माहीत नाही. मोजावं लागेल." त्यांनी तिचा हात धरला.

काठी पुढे टेकवत ती दोघं आत निघाली. पाणी पोटरीला लागलं, मग गुडघ्याला. दुमडलेली पँट भिजली. किनाऱ्यावरून मुग्धाची हाक आली, "बाबा! कुठं चाललात? मैथिली!"

"थांब गं, मोजतोय!" सूर्यकांत ओरडले आणि त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.