हिरवा कप

“सर, बाकीचे सगळे कप कपाटात, मग माझ्या आईचा एकटीचाच खिडकीबाहेर का?”

वर्गातल्या रेश्मा आणि अश्विनीनं पैज लावली होती, विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू. यशोधरानं दाखवलं की विचारून! तेही कर्जतच्या माळावरच्या विद्यापीठात, शाळेला प्रदर्शन बघायला नेलं तेव्हा, अख्ख्या दहावीसमोर. तिची आई भिमाबाई तिथंच ठेक्यावर सफाईला होती, आणि वडील रंभाजी पाण्याच्या मोटारींवर.

विभागप्रमुख गोड हसले. “अगं, त्यांचे हात दिवसभर फिनाईलमध्ये. स्वच्छता, दुसरं काय! जातबीत काही नाही त्यात.”

जातीचं कुणी विचारलंच नव्हतं.

पोरं खिदळली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी भिमाबाईला दारातच थांबवलं, “पोरीला आवर. ठेकेदाराला एक फोन केला की घरी बसशील.” त्या रात्री आई रडली नाही, पण जेवलीही नाही. यशोधरानं मनाशी खूणगाठ बांधली, थांबा सर, तुमच्याच तोंडून वदवते.

आठ दिवसांनी पुण्याहून तपासणीची समिती आली. शाळेला सुट्टी होती, म्हणून ती आईच्या हाताखाली गेली. आणि गंमत बघा, विभागाचे सगळे कप धुवायची कोण? भिमाबाईच! त्याच फिनाईलच्या हातांनी!

आई जिना पुसायला गेली. पोरीनं खिडकीबाहेरचा कान तुटलेला हिरवा कप आत घेतला, तीनदा घासला, लख्ख पुसला आणि ट्रेमध्ये मधोमध ठेवला. शिपाई गहिनीनाथमामांनी पाहिलं. चहा ओतता ओतता पुटपुटले, “मला काय दिसलं न्हाई, बाय.” आणि तो कप नेमका प्रमुखांपुढं टेकवला.

ती दाराआडून बघत होती. साहेबांनी बोलण्याच्या नादात घोट घेतला. मग नजर खाली गेली. ताडकन उठले, चहा फायलींवर! “थू! हा त्यांचा कप! आमच्यात कुणी आणला?”

समितीतल्या बाईंनी चष्मा काढला. “त्यांचा म्हणजे कुणाचा?”

साहेबांचं तोंड उघडंच. यशोधराला वाटलं, हे तोंड फ्रेम करून भिंतीवर लावावं!

संध्याकाळी रंभाजी हबकूनच घरी आले. “भिमे, साहेबानं उद्या सकाळी तुझ्याकडून लेखी मागितलंय. चुकून गेला म्हनून लिव्ह. न्हाईतर कामावरून काढत्यात.”

“लिव्हते की,” आई म्हणाली. “हातबी जोडते.”

“हात कुणी जोडायचे न्हाईत,” यशोधरा वडलांपुढं उभी राहिली. “दादा, त्या बाई उद्या दुपारपर्यंत हायेत. मी शाळा बुडवून त्यांच्याकडं जाणार. मुद्दाम ठेवला म्हणून लिहून देणार, का ठेवला तेही, आणि खाली माझं नाव टाकणार, आईचं न्हाई. पुरावा माझ्या दप्तरात हाय. हिरवा कप मी घरी आणलाय.”