खडखडणारा खांब

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खांब आहे. कमरेएवढी उंची, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे आणि डोक्यावर गोल टोपी. नदीकाठची सायकलवाट जिथे सुरू होते, तिथे बरोब्बर मधोमध मी उभा असतो. माझ्या दोन्ही अंगांनी सायकल आरामात जाते, मोटार मात्र जात नाही. लोकांना वाटतं, हा लोखंडाचा, याला कसली आलीय भीती? अहो, माझ्याइतका भित्रा खांब अख्ख्या खोऱ्यात शोधून सापडायचा नाही.

पूर्वी मी पाण्याच्या पाइपचा एक तुकडा होतो. खोऱ्यातली जुनी रेल्वे बंद पडली, रूळ उचलले गेले आणि त्या जागी बारीक खडीची वाट झाली. वरच्या हमरस्त्यावर ट्रक सायकलवाल्यांना अगदी घासून जायचे. इथे मात्र एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला फळबागा, मध्ये एक बोगदा, एक पूल आणि मोटारीचं नावसुद्धा नाही. हे असंच राहावं म्हणून वेल्डरने मला कापलं, जोडलं, रंगवलं. जमिनीत एक जाड नळी पुरून तिच्यात मला उभं केलं आणि खाली कुलूप घातलं. नळीच्या आणि माझ्यामध्ये त्याने बोटभर फट सोडली होती.

"अहो, हा हलतोय की!" त्याचा जोडीदार म्हणाला.

"हलू दे. अडीअडचणीला उपसून काढायचाय त्याला. घट्ट बसवला तर काढायला कोण येणार, तुझा सासरा?"

दोघे खो खो हसले. मला काही हसू आलं नाही. हलणं म्हणजे कधीतरी पडणं, एवढंच मला कळत होतं, आणि माझी भीती त्याच दिवसापासूनची.

माझी किल्ली समोरच्या सायकलच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असे. दुकान मावशींचं. त्या सायकली भाड्याने देत, पंक्चर काढत आणि माडीवर राहत. मला त्या 'हवालदार' म्हणायच्या. दर रविवारी माझ्या कुलपात तेल सोडायच्या, किल्ली फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय हवालदार, सगळं ठीक ना?" ठीक कुठलं! समोरून मोटार वळताना दिसली की हवालदाराची पाचावर धारण बसलेली असायची. पण मावशींचा आवाज ऐकला की जरा धीर यायचा.

ते दिवस तसे चांगले होते. दूरदूरचे प्रवासी यायचे, सायकलीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, मागे तंबूची गुंडाळी. इथे पोचले की हमरस्त्याची धास्ती त्यांच्या चेहऱ्यावरून उतरायची. बायका मुलांचे हात सोडायच्या. "जा आता, पळ हवं तितकं!" कुणी माझ्या टोपीवर थाप मारून शाबासकी द्यायचं. मग मी दोन घटका भीती विसरायचो.

सगळ्यांत लाडकी होती एक बहीणभावाची जोडी. त्यांची जोडसायकल होती, एकामागे एक दोन सीट असलेली. पुढे दादा, मागे ताई. ताईला दिसत नसे. दरवेळी माझ्यापाशी सायकल थांबायची, ताईचा हात माझ्या टोपीवरून फिरायचा आणि ती म्हणायची, "आला का हवालदार? चल दादा, आता सुसाट!"

पण एका संध्याकाळी एक जीप आली. चालकाला आडवाटेने लवकर पोचायचं होतं. त्याने आधी हॉर्न वाजवला. मला हॉर्न वाजवून काय उपयोग? मग त्याने बंपर माझ्या अंगाला लावला आणि रेटायला सुरुवात केली. मी कललो, करकरलो, आता मोडतोच असं वाटलं. तेवढ्यात मावशी हातात पंप घेऊन धावत आल्या. "काय रे, डोळे फुटले का तुझे?" जीप मागे गेली. मी उभा राहिलो खरा, पण तेव्हापासून फट रुंदावली आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर मी खडखडायला लागलो.

मावशींच्या झोपेचं खोबरं झालं. शिवाय मी पडेन अशी त्यांनाही काळजी लागली. एके सकाळी त्या हातोडी घेऊन आल्या आणि त्यांनी फटीत चारी बाजूंनी दगडाच्या कपच्या आणि लाकडाच्या पाचरी ठोकल्या. वर माती लोटली. "बस आता गुपचूप," त्या मायेने म्हणाल्या.

मित्रांनो, काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मी स्थिर उभा होतो. वारा येई, जाई, मी ढिम्म. माझी भीती पळाली. पुढे पावसाचं पाणी मुरून लाकूड फुगलं, मातीवर गवत उगवलं, आणि मी आणखी घट्ट झालो. मावशी रविवारी कुलपात तेल सोडत राहिल्या. कुलूप उघडायचं, लागायचं. मला उपसून बघायची गरज कुणालाच वाटली नाही.

मग ती दुपार आली. सकाळी बहीणभाऊ नेहमीसारखे आत गेले होते. ऊन कलताना वाटेवरून कुणीतरी चालत येताना दिसलं. ताई होती. एकटी! एक हात कठड्यावर, कठडा संपला की पायाने खडी आणि गवत यांतला फरक चाचपत ती येत होती. तिच्या बाहीवर रक्त होतं. तिचा हात माझ्या टोपीवर पडला आणि तिने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. "मावशी!" ती ओरडली. "दादा पडलाय! पुलापलीकडे! मांडीतून रक्त थांबत नाहीये, ओढणी आवळून बांधलीय!"

तिथे फोन लागत नव्हता. वाटेवर मोटार येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून ती तेवढं अंतर एकटी चालून आली होती. माझ्या भरवशावर.

मावशींनी फोन केला. अँब्युलन्स आली. मदतनीस औषधांची पिशवी खांद्याला लावून दुकानातल्या एका सायकलवर पुढे पळाला. मावशींनी कुलूप उघडलं, खट! चालकाने मला मिठी मारून उचललं. मी हललो नाही. त्याने पुन्हा जोर लावला. मावशींनीही लावला. मी ढिम्म.

"दुसरीकडून वाट आहे का?" चालकाने विचारलं.

"खोऱ्याच्या पार त्या टोकाला," मावशी म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "मीच पाचरी ठोकल्यात रे फटीत. माझ्याच हातांनी ठोकल्यात."

आयुष्यभर पडायला घाबरलेला मी, मनातल्या मनात ओरडत होतो, उपटा मला! तोडा! नदीत फेका! पण या गाडीला जाऊ द्या! कोण ऐकणार? पलीकडे दादाचं रक्त जात होतं आणि त्याच्या वाटेत मी उभा होतो.

"मावशी, रडू नका," ताई म्हणाली. "पाचरी कुठे आहेत?"

"दिसत नाहीत गं, सगळं गवत माजलंय."

ताई गुडघ्यांवर बसली. तिने गवत उपटलं आणि माझ्या पायाभोवती बोटं फिरवली. "इथे लाकूड. इथे दगड. इथे परत लाकूड. द्या काहीतरी अणकुचीदार." मावशींनी स्क्रू-ड्रायव्हर आणि टायर काढायच्या पट्ट्या आणल्या. ताई जागा दाखवायची, चालक फोडायचा, मावशी उकरायच्या. ताईच्या बोटांची सालं निघाली, पण ती थांबली नाही. एक पाचर निघाली. दुसरी निघाली. आणि मग मी खडखडलो! इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी मला उपसून गवतात फेकलं. ताईला पुढे बसवून अँब्युलन्स सुटली. मी आडवा पडून बघत होतो. बऱ्याच वेळाने ती परत आली आणि माझ्याशेजारून वेगात निघून गेली. मागचं दार बंद होतं. आत दादा जिवंत होता की नाही, मला कळलं नाही.

मावशींनी मला पुन्हा उभं केलं, फट साफ ठेवून. ते दोघं कुठल्या गावचे, कुठे राहतात, मावशींनाही ठाऊक नव्हतं. थंडी आली आणि गेली. रोज एखादी सायकल दिसली की माझा जीव खालीवर व्हायचा. मावशी दाराशी यायच्या, बघायच्या आणि आत जायच्या.

मग एका सकाळी टोपीवर ओळखीचा हात पडला. पण ताईने नेहमीचं काही म्हटलं नाही. तिने मला घट्ट धरलं आणि गदागदा हलवलं. खड, खड, खड.

"हलतोय का गं?" मागून आवाज आला. दादा होता! एका हातात काठी, दुसऱ्या हाताने जोडसायकल धरलेली.

"हलतोय, दादा. चल."

मावशी दारातच पदर तोंडाशी धरून रडायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मी अजूनही भित्राच आहे. वारा सुटला की खडखडतो आणि मावशी माडीवर शांत झोपतात. कुठे असा खांब दिसला, तर त्याच्या फटीत खडा, काडी, खाऊचा कागद, काही काही टाकू नका. जाताजाता टोपीला धरून त्याला एकदा हलवा. खडखड ऐकू आली, की मग खुशाल पुढे जा.