माझ्या पोटातले पत्र

मित्रांनो, मी किनखापाची एक जुनी थैली आहे. अमरावतीजवळच्या एका जहागीरदारांनी मला दरबारी पत्रांसाठी शिवून घेतले आणि सहदेवाच्या गळ्यात घातले.

सहदेव मोर्शीकडच्या माळ्याचा मुलगा. आधी तो नुसता पत्रे पोचवणारा जासूद होता. चालता चालता तो मोडी शिकला आणि दरबारात पत्रे वाचू लागला. बारा वर्षे आम्ही दोघे उन्हातान्हात फिरलो.

मग एका साली विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला. जहागीरदारांच्या कापसाच्या गाड्या शेजारच्या गढीच्या मालकीण माणिकबाईंच्या डोंगरातून जात. गाडीवानांनी वाटेतली मोहाची झाडे तोडली, म्हणून बाईंनी वाट अडवली. तेव्हा दिवाण वामनरावांनी सहदेवाला वकिलाची पगडी दिली आणि एक मोहरबंद पत्र माझ्यात घालून बोलणी करायला पाठवले. त्याची बायको तानुबाई आनंदाने रडली. मलाही केवढा अभिमान वाटला!

गढीवर माणिकबाई म्हणाल्या, "आमाले वाचता येत नाही. तुमीच वाचा."

सहदेवाने मोहर फोडली. त्याने शब्दन् शब्द वाचला. 'भरवशाखातर हा आमचा वकील ओलीस ठेवावा. पुन्हा एकही झाड तुटल्यास याची गर्दन मारावी.'

मी सुन्न झाले. हे पत्र चार दिवस माझ्याच पोटात होते! पगडी दिली ती एवढ्यासाठी. साध्या जासुदाला ओलीस म्हणून कोण घेणार?

माणिकबाई ताडकन उठल्या. "हे वाचलं काहून? सोडून देलं असतं त मले काय समजलं असतं?"

सहदेवाने पत्राची घडी घातली. "खोटं वाचलं असतं, त मी वकील कायचा, बाईसायब?"

माणिकबाई पुन्हा खाली बसल्या.

"ज्यायनं तुले असं टाकलं, त्यायच्यावर माहा भरवसा नाही," त्या म्हणाल्या. "तुह्यावर हाय. जाय, आता माहा वकील होऊन जाय. झाडं तोडनं बंद, मंगच गाड्या."

सहदेव दरबारात शिरला तेव्हा वामनराव पांढरेफटक पडले. "तू? सुटलास कसा?"

"माणिकबाईंचा वकील म्हणून आलो आहे," सहदेव म्हणाला. "आधी बसायला जागा द्या."

कापूस खोळंबला होता. अट मानावी लागली. सहदेव शेवटपर्यंत डोंगराचाच वकील राहिला.

मोहरबंद पत्र मात्र त्याने पुन्हा कधी नेले नाही. मी पेटीत पडले, कसरीच्या किड्यांनी मला खाल्ले. मित्रांनो, त्याचे मला दुःख नाही. पण कोणाच्या हाती निरोप द्याल, तर तो आधी त्यालाच वाचून दाखवा.